देवकाबाईंचे तीन श्वास

देवकाबाईंना कुणी प्रश्न विचारला की पहिले तीन श्वास काहीही घडत नसे. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी. त्या समोर बघत, उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या दोन बोटांवरून हळूच फिरवत, चिमटीत दाणा धरल्यासारखा, आणि मग म्हणत, "अर्धा दे." तोवर माझा चहा गाळून, ओतून, कधीकधी पिऊनही झालेला असे. माझा स्वभाव उतावळा. मध्य प्रदेशात, बालाघाटात कोर्टासमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिथं सर्व्हरनं ताटकळत ठेवलं तर नाइलाज, पण माणसानं ठेवलेलं मला खपत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी या बाईंवर मनातल्या मनात चांगलीच चिडले होते, हे आधीच सांगून टाकते.

त्या आल्या एप्रिलच्या टळटळीत दुपारी. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पायात पुरुषी चपला. म्हणाल्या, "बायोडाटा बनवून पाह्यजे."

माझ्याकडे येणाऱ्या त्या वयाच्या बाया मुलाचे, सुनेचे, नाहीतर नातवाचे कागद घेऊन येतात. मी कीबोर्डवर बोटं ठेवूनच विचारलं, "कुणाचा?"

तीन श्वास.

"माह्या."

"वय?"

"चौपन."

शिक्षण आठवी. अनुभव काय लिहू, म्हटलं, तर पुन्हा तोच अंगठा फिरला. "सव्वीस वर्षं तांदूळ पाह्यला."

"पाह्यला म्हणजे?"

"म्हणजे पाह्यला."

मी "तांदूळ पाहणे" असं लिहिलं आणि कर्सर तिथंच लुकलुकत राहिला. हा अनुभव कुठल्या रकान्यात बसवायचा, हे मला पुढचे सहा महिने धड कळलं नाही.

हळूहळू समजलं ते असं. आमच्या गावात राइस मिली काही कमी नाहीत. त्यातल्या एका जुन्या मिलमध्ये देवकाबाई निवडणीवरच्या अठरा बायांच्या मुकादम होत्या. पॉलिश होऊन आलेला तांदूळ या बाया सुपात घेऊन बसायच्या आणि काळा दाणा, खडा, कणी वेगळी काढायच्या. देवकाबाई रांगेतून फिरायच्या, प्रत्येकीच्या सुपातली मूठभर तळहातावर घ्यायच्या, अंगठ्यानं तीनदा उलटायच्या आणि मग बोलायच्या. "चालते." किंवा "पुन्हा." गोंदियाचा व्यापारी येऊन "बाई, माल कैसा है?" म्हणाला तरी हेच. मालकसुद्धा शेजारी हाताची घडी घालून थांबायचा. त्या हॉलमध्ये जी न पाहता बोलते तिच्या शब्दाला किंमत नव्हती. सव्वीस वर्षं या बाईंचे तीन श्वास सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकले होते.

मग निवडणीचं मशीन आलं. बाया गेल्या, वर्षभरानं देवकाबाईही गेल्या. मालकाच्या पोरानं शाल दिली, नारळ दिला आणि म्हटलं, "मावशी, आता आराम करा." देवकाबाईंना आराम या शब्दाचा एवढा राग होता की ती शाल त्यांनी उघडलीही नाही, तशीच घडीत शेजारणीला देऊन टाकली.

त्यांचा मुलगा विनोद नागपूरला. मुलगा चांगला, सूनही चांगली, चार वर्षांची नात. मिल सुटल्या दिवसापासून तो मागे लागला होता, आई, आता इकडे ये. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरात या एकट्या. नाही म्हणायला काही कारण नव्हतं आणि जायची इच्छा तर मुळीच नव्हती. शेवटी मायलेकांत करार झाला. दिवाळीपर्यंत देवकाबाईंनी काम शोधायचं. मिळालं तर बालाघाटातच राहायचं, नाही मिळालं तर घराला कुलूप लावून, सामान बांधून, कुरकुर न करता नागपूर.

"एवढं काय वाईट आहे नागपुरात?" मी एकदा विचारलंच.

अंगठा फिरला. "वाईट काही नाही. पन तिथं मले कोनी काही विचारत नाही. जेवली का, एवढंच विचारते."

मी प्रिंटर उगीचच बंद करून चालू केला.

पहिला इंटरव्ह्यू गोंदिया रोडवरच्या नव्या मोठ्या दुकानात होता. धान्याच्या विभागासाठी बाई हवी होती. देवकाबाई धुतलेली पांढरी साडी नेसून गेल्या. समोर पंचविशीचा पोरगा. त्यानं विचारलं, "अनाज के बारे में क्या जानती हैं?" आता हा प्रश्न या बाईंना विचारणं म्हणजे मासोळीला पाण्याविषयी विचारणं. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्वासाच्या मधे तो पोरगा टेबलावरून वाकला आणि मोठ्यानं ओरडला, "मावशी, सुनाई देता है?" त्या म्हणाल्या, "देता है." तो म्हणाला, फोन करेंगे. तो फोन अजून यायचा आहे.

"पोरगा चांगला होता," त्या मला म्हणाल्या, "पन त्याले दम नाही."

दुसरा एका लग्नाच्या लॉनवर, कोठीघर सांभाळायला. तिथल्या मालकानं तोंडावरच सांगितलं, वय जास्त आहे. या वेळी देवकाबाई तयारीनं गेल्या होत्या. म्हणाल्या, नवा तांदूळ चिकट होते, जुना फुगते, दाणा दाणा वेगळा राह्यते, म्हणून जुन्याले भाव जास्त. हे वाक्य मीच आदल्या दिवशी ऐकून टाळी वाजवली होती. मालकही हसला. हसून म्हणाला, "मावशी, मले तांदूळ नाही, मानूस ठेवायचं हाय." ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी वापरलं नाही. मीही टाळ्या जरा जपून वाजवू लागले.

तिसरा एका खासगी होस्टेलच्या स्वयंपाकघराचा. तिथं त्यांना विचारलं, तुमच्यात कमजोरी काय? हा प्रश्न कशासाठी विचारतात मला माहीत आहे, तो विचारणाऱ्यांनाही माहीत असतो, आणि उत्तर काय द्यायचं हे यूट्यूबवरही सापडतं. देवकाबाईंनी मात्र खरंच विचार केला. मग म्हणाल्या, खोटं दिसलं का माह्यं तोंड उतरते, लपवता येत नाही. एवढं बोलून त्यांनी भिंतीवरच्या जेवणाच्या तक्त्याकडे पाहिलं. तिथं पनीर लिहिलेलं होतं आणि आतून पातळ वरणाचा वास येत होता. त्यांचं तोंड उतरलं. तिकडून परतल्या त्या थेट दुकानात, आणि मी काही विचारायच्या आत स्टुलावर बसून माझ्या डबीतल्या टाचण्या लहानमोठ्या निवडायला लागल्या.

जून संपला, जुलै गेला. मी त्यांना सुचवलं की केसांना कलप लावा, कागदावर जन्मतारीख नका लिहू. त्यांनी मान हलवली. "अंदर गेल्यावर तं दिसूनच पडते नं. मंग बाहेर काहून लपवू?" त्यांना निराश झालेलं मी कधी पाहिलं नाही. नकार घेऊन आल्या की दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "पुढचा कुठी हाय?" मी थकत होते आणि माझं वय पस्तीस होतं.

शेवटी मीच म्हटलं, रोज दुपारी तीनला या. त्या वेळी सर्व्हर झोपतो आणि कोर्टाची गर्दीही ओसरते. मी साहेब झाले. त्यांनी मला पहिल्याच मिनिटाला दुरुस्त केलं. "तू पुढं झुकून काहून बसली? साहेब मागं टेकून बसते." मी टेकले. प्रश्न विचारला आणि मोबाइलवर वेळ लावली. सात सेकंद. एरवी सात सेकंद म्हणजे काहीच नाही, पण टेबलाच्या अलीकडे बसून बघा, केवढे मोठे होतात ते. मी म्हटलं, मावशी, लगेच काहीतरी बोला, नाहीतर त्यांना वाटतं तुम्हाला येत नाही. त्यांनी प्रयत्न केला. प्रश्न आला की धडाधड बोलू लागल्या, आणि ते इतकं पोकळ वाटलं की मी मोबाइल बाजूला ठेवला.

"हे माह्यं बोलनं नोहे," त्या म्हणाल्या. कपाळ पुसलं. मग स्वतःच मार्ग काढला. "आधीच सांगून टाकते. थांबा, पाह्यते, म्हनते. मंग पाह्यते."

"साहेबाला थांबा म्हणणार?"

"काहून? मालकाले सव्वीस वर्षं म्हटलं."

दुसरं एक काम आम्ही तेव्हाच उरकलं. "आमच्या वेळी" असं त्यांच्या तोंडून निघालं की मी टेबलावर एक टाचणी ठेवायची. पहिल्या दिवशी अकरा टाचण्या झाल्या. दसऱ्याच्या सुमारास एकही नाही. मला वाटतं, या वयात सवय मोडणाऱ्या माणसाला कुणी अजून म्हातारं म्हणू नये, निदान माझ्यासमोर तरी.

या सरावाच्याच दिवसांत कौतिका आली. मला ती नावानं ठाऊक नव्हती. छत्री टेकत एक बाई राशनकार्डाचे कागद घेऊन दारात उभी राहिली, तिची नजर स्टुलावर गेली आणि ती पायरीवरूनच परत फिरली. ऊन कडक होतं, तरी छत्री उघडायचं भान तिला राहिलं नाही. देवकाबाईंचा अंगठा बोटांवरच थांबला.

"कोण होती?"

या वेळी तीन श्वासांनी भागलं नाही. मी वेळ लावली नव्हती, लावायचं धाडसही नव्हतं.

मशीन आलं तेव्हा त्याला कॅमेरा होता, पण चांगला दाणा कोणता आणि वाईट कोणता हे त्याला दाखवावं लागत होतं. इंजिनिअर परगावचा. मालकानं देवकाबाईंना सांगितलं, नमुने काढून द्या. त्यांनी आठ दिवस बसून काढून दिले. काळ्या दाण्याचा ढीग वेगळा, पिवळ्याचा वेगळा, कणीचा वेगळा, चांगल्याचा वेगळा. इंजिनिअर मशीनमधून चालवून बघायचा, देवकाबाई खाली पडलेल्यातली मूठ तळहातावर घेऊन सांगायच्या, "याच्यात चांगला गेला, पुन्हा." नवव्या दिवशी मशीनची नजर बसली. दहाव्या दिवशी अठरा बायांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कौतिका पहिल्या रांगेतली, बावीस वर्षांची मैत्रीण, दोघींचे डबे एकत्र उघडायचे. ती फाटकात थांबून म्हणाली, "देवका, आमाले तूच पाखडून टाकलं." त्यानंतर ती देवकाबाईंशी बोललेली नाही.

"तुम्हाला माहीत होतं, ते नमुने कशासाठी आहेत?"

"अर्धं मालूम होतं," देवकाबाई म्हणाल्या. "अर्धं मीच मालूम करून नाही घेतलं."

आणि मी काय केलं? मी खुर्चीत उडी मारली. म्हटलं, मावशी, हे आधी का नाही सांगितलं! मशीन बसवण्याचा अनुभव! बायोडाटात सगळ्यात वर लिहिते.

"ते लिहायचं नाही."

तीन श्वास नाहीत, एकही नाही. सहा महिन्यांत त्यांनी न पाहता दिलेलं हे पहिलं उत्तर. माझी मलाच लाज वाटली.

दसरा झाला. दिवाळीला पंधरा दिवस उरले होते तेव्हा परसवाड्याची जाहिरात दिसली. तिथल्या शेतकरी बायांनी मिळून कंपनी काढली होती, आपल्या भागातला वासाचा चिन्नोर तांदूळ स्वतः भरडून, पॅक करून विकायला. छोटी मिल टाकली होती आणि मालाच्या दर्जावर नजर ठेवणारं माणूस हवं होतं. वय पंचेचाळीसपर्यंत. मी फॉर्म उघडला, जन्मतारीख भरली, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. दुसऱ्यांदा भरली, पुन्हा लाल. मी म्हटलं, संपलं, मावशी.

त्या चष्मा लावून त्या लाल अक्षरांकडे पाहत राहिल्या. "हे तं मशीन बोलून राह्यलं. मानसं कुठी बसते?"

"परसवाड्याला. पण यादीत नाव नसेल तर—"

"इंटरव्यू कवा हाय?"

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळची बस चुकली, म्हणून मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. दुकान बंद ठेवून गेले, हे मुद्दाम सांगते, कारण माझं दुकान पोळ्यालाही बंद नसतं. जंगलातला वळणांचा रस्ता, मागे देवकाबाई पिशवी छातीशी धरून. मिलच्या व्हरांड्यात सातआठ पोरंपोरी फायली घेऊन बसलेली. खुर्च्या भरल्या होत्या. देवकाबाई टोकाला भिंतीशी टेकून खाली बसल्या. शेजारी तोंड उघडं असलेलं एक पोतं होतं.

माझं लक्ष फोनमध्ये. वर पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचा हात पोत्यात गेला होता, मांडीवर पदर पसरला होता, आणि त्या तांदूळ निवडत होत्या. आजूबाजूची पोरं बघत होती. मी हळूच म्हटलं, मावशी, ते त्यांचं आहे. त्यांना ऐकूच आलं नाही. एकामागून एक उमेदवार आत जाऊन आले. शेवटची मुलगी बाहेर पडली तशा देवकाबाई उठल्या, पदराचा ओचा तांदळासकट हातात धरला आणि कुणी बोलावलं नसताना आत गेल्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खिडकी उघडी होती.

आत दोघं होती. भोपाळकडचा तरुण मॅनेजर, आणि कंपनीच्या अध्यक्ष, जवळच्याच गावच्या शेतकरी बाई.

"आपका नाम लिस्ट में नहीं है," मॅनेजर म्हणाला.

"नाही हाय. मशीननं घेतलं नाही. वय चौपन हाय माह्यं." मग हिंदीत, "इतनी दूर आ गई हूँ तो देख लीजिए."

तो भला होता. बैठिए, म्हणाला. आणि मग त्याला तो पदर दिसला. देवकाबाईंनी तो टेबलावर मोकळा केला. दोन ढीग, निवडून केलेले, ओच्यात धरूनही फारसे मिसळले नव्हते.

"ये क्या है?"

"बाहेरच्या पोत्यातलं. मशीननं फेकलेलं हाय नं ते? याच्यात आधा चांगला हाय."

"उस बोरी में हाथ डालने को किसने कहा?" त्याचा चेहरा लाल झाला होता.

"कोनी नाही. हात गेला." त्या खाली पाहू लागल्या. "गलती हुई."

मी डोळे मिटले. सहा महिने, एवढा सराव, आणि बाई चोरासारखी पदरात तांदूळ घेऊन आत जाते. डोळे उघडले तर अध्यक्षबाईंनी चांगल्या ढिगातली चिमूट उचलून नाकाशी नेली होती. "चिन्नोर है भैया. बढ़िया है ये तो."

मॅनेजर गोंधळला. म्हणाला, मशीन नवं आहे, कंपनीचे लोक सेट करून गेले आहेत.

"थांबा, पाह्यते," देवकाबाई म्हणाल्या. अंगठा दाण्यांवरून फिरला, तीनदा. "दुसऱ्या तांदळावर सेट करून गेले. लांब, पांढऱ्या. आपला चिन्नोर बारीक, अन् दिसाले थोडा मळकट. मशीनले तो खराब वाटते."

"आपको मशीन का कैसे पता?"

तो प्रश्न असा सरळ समोर येऊन बसला. मला आत जाऊन सांगावंसं वाटलं, की बाबा, हे सोडून काहीही विचार. देवकाबाई म्हणाल्या, "थांबा, पाह्यते." आणि पाहत राहिल्या. मी सवयीनं आकडे मोजले, वीसच्या पुढे गेले, मग मोजायचं सोडून दिलं. मॅनेजर थांबला होता. त्याला थांबा म्हणून सांगितलेलं होतं ना.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं आपल्या बोलीत, आवाज न चढवता. आठ दिवसांचे ढीग, अठरा बाया, फाटकातली कौतिका. "मशीन वाईट नाही, साहेब. पन त्याले शिकवनारं मानूस त्याच्या बाजूले रोज बसलं पाह्यजे. आमच्या मिलमधी शिकवून झाल्यावर मानूस काढलं. तिथं चुकलं. अन् त्याच्यात मी होती." थोडं थांबून म्हणाल्या, "मले बटनं येत नाहीत. शिकीन. फेकलेलं पोतं मी रोज पाह्यीन. अन् दोन बाया लागतीन, हातानं पाहाले."

"मशीन का लड़का तेईस साल का है. उससे सीखना पड़ेगा."

"सव्वीस वर्षांत मालकाच्या बापाचं ऐकलं, मालकाचं ऐकलं, त्याच्या पोराचंबी ऐकलं. तेईस साल का भी सुन लूँगी."

फोन करेंगे, असं तिथंही म्हणाले. परतताना निम्म्या वाटेवर माझ्या पाठीमागून आवाज आला, "पोरी, मी ते सांगून टाकलं."

"ऐकलं मी."

"कौतिकाले आधी सांगाले पाह्यजे होतं."

चार दिवसांनी दुकानाच्या नंबरवर फोन आला. वयाची अट कंपनीच्या बायांनी बैठकीत हात वर करून बाजूला ठेवली होती. तीन महिने बघू, मग कायम. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचे स्टॅम्पवाले काका धावत आले. देवकाबाई स्टुलावर होत्या. त्यांनी तीन श्वास घेतले आणि म्हणाल्या, "अर्धा चहा दे." मला मात्र रडू आलं, ते मी लपवलं नाही.

अजून एक इंटरव्ह्यू बाकी होता. विनोद पाडव्याला गाडी घेऊन आला. मी फराळाचं ताट द्यायला गेले होते, ती तिथंच अडकले. तीन महिन्यांच्या कामाला तो काम मानायला तयार नव्हता.

"रोज बसनं जाशीन, बसनं येशीन? मधात कुठं पडली-झडली तं?"

देवकाबाई खाटेवर ताठ बसल्या, माझ्या दुकानात बसत अगदी तशा. "थांब, पाह्यते." मग म्हणाल्या, "पडली तं उठीन. नाही उठता आलं तं तुले फोन करीन."

"अन् चिऊ? तिले आजी नको का?"

"सुट्टीत आन तिले इकडे. दाना पाहाले शिकवते."

मग त्याच्या मनात खरं काय होतं ते बाहेर आलं. "आई, लोक म्हनतीन, पोरगा मायले पाहत नाही."

देवकाबाईंचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. विनोदनं मधे तोंड घातलं नाही. शेवटी लेक त्यांचाच.

"लोकाइले सांग, पोरगा पाह्यते. रोज फोन करते," त्या म्हणाल्या. "पन फोनवर जेवली का, एवढंच नोको विचारत जाऊ. आज माल कसा होता, ते विचारत जा."

विनोद दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीनं परत गेला. मागच्या सीटवर फक्त चकल्यांचा डबा होता.

तीन महिन्यांनी त्या कायम झाल्या, मशीनची बटनं शिकल्या, त्या तेवीस वर्षांच्या पोराला दाणा बघायला शिकवला. ज्या दोन बाया त्यांनी मागितल्या होत्या त्यांची जागा उन्हाळ्यात निघाली. त्याआधी देवकाबाई कौतिकाच्या घरी तीनदा गेल्या होत्या. तिन्ही वेळा दार उघडलं नव्हतं. चौथ्या वेळी त्या माझ्याकडे आल्या आणि कौतिकाचा बायोडाटा टाइप करायला लावला. अनुभवात काय लिहू, विचारलं, तर म्हणाल्या, "बावीस वर्षं. माह्याहून चांगली नजर." तो कागद आणि इंटरव्ह्यूची तारीख त्यांनी दाराच्या फटीतून आत सरकवली.

"तुम्हीच ठेवून घ्या ना सरळ," मी म्हटलं. "मॅनेजर ऐकेल तुमचं."

"नाही. तिले विचारलं पाह्यजे. समोर बसवून, खुर्चीवर."

कंपनीच्या एका नोंदणीचा फॉर्म भरायचा होता म्हणून त्याच सुमारास मला परसवाड्याला बोलावलं होतं. व्हरांड्यात शिरले आणि पाय आपोआप त्या खिडकीकडे गेले. टेबलापलीकडे मॅनेजर, आणि त्याच्या शेजारी देवकाबाई, गळ्यात फोटोचं कार्ड, पदराआड अर्धं लपलेलं. अलीकडे, माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. खुर्चीच्या पायाला छत्री टेकवलेली.

मॅनेजरनं विचारलं, "ये काम पहले किया है?"

बाई बोलली नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. मॅनेजरनं कागद उलटला आणि पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं. देवकाबाईंनी त्याच्या कागदावर हात ठेवला. त्यांची नजर समोरच्या बाईच्या उजव्या हातावर होती, तिथं अंगठा दोन बोटांवरून हळूहळू फिरत होता.

"थांबा, साहेब," त्या म्हणाल्या. "ती पाहून राह्यली."